पत्त्यातला आकडा कुणालाही बदलता येतो

माझी पुतणी रोह्यात राहून आसपासच्या दुकानांना, कारखान्यांना आणि पतसंस्थांना वेबसाइट आणि अ‍ॅप करून देते. कोड बघायला ती माझ्याकडे पेणला पाठवते, आणि मग मी तिला त्याच त्या गोष्टी पुन्हा सांगतो. त्या तिच्यासारख्या इतर मुलामुलींच्याही उपयोगी पडतील, म्हणून तिला सांगतो तशाच एकत्र लिहून काढल्या. उदाहरणाला दोन कामं धरू. एक, हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यासाठी मूर्तींचं बुकिंग. दुसरं, धाटाव एमआयडीसीत येणाऱ्या गाड्यांचा गेटपास. कामं साधी वाटतात, पण बाहेरून आलेली माहिती कशी हाताळायची याचे बहुतेक सगळे धडे त्यांत येतात.

१. जे आलं ते समोरच्याचं म्हणणं, पुरावा नव्हे

वेबसाइटच्या पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर जे येतं ते पॅरामीटर, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण फॉर्ममधली फील्ड, कुकी, हेडर आणि मोबाइल अ‍ॅपने पाठवलेलं जेसन हेही तुझ्या सर्व्हरच्या दृष्टीने पॅरामीटरच. ते तू बनवलेल्या फॉर्ममधूनच आलं असेल याची काही हमी नाही. 'कर्ल'सारखं साधन घेऊन फॉर्म न उघडताही कुणीही हवी ती मागणी पाठवू शकतं. अ‍ॅपमध्ये बटणच ठेवलं नाही म्हणून ती मागणी येणार नाही, असं धरून चालू नकोस.

रोहा स्टेशनात मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. गाडी तीच, डबे तेच, डुलक्या घेणाऱ्या प्रवाशाला काही कळतही नाही. पण जबाबदारी कुणाची याचं उत्तर तिथे बदलतं. तुझ्या कोडमध्येही अशी एक हद्द असते. तिच्या अलीकडचं सगळं न तपासलेलं, पलीकडचं तपासलेलं. ही हद्द नेमकी कोणत्या फंक्शनमध्ये आहे ते तुला बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. तपासणी दहा ठिकाणी विखुरली की अकराव्या ठिकाणी राहून जाते.

ब्राउझरमधली तपासणी जरूर ठेव. गिऱ्हाइकाची चूक तिथेच लक्षात येते, त्याचा वेळ वाचतो. पण ती त्याच्या सोयीची आहे, तुझ्या सुरक्षेची नव्हे. सुरक्षेची तपासणी सर्व्हरवरच.

२. किंमत विचारायची नाही, काढायची

बुकिंगच्या फॉर्ममध्ये मूर्तीचा क्रमांक, संख्या आणि किंमत अशी तीन फील्ड ठेवलेली मी पुष्कळदा बघतो. किंमत लपवलेल्या फील्डमध्ये असते, म्हणून ती सुरक्षित वाटते. ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडली की ती दिसते आणि बदलताही येते. चार हजारांची मूर्ती चाळीस रुपयांना बुक होते आणि कोड तक्रारही करत नाही.

नियम सोपा आहे. जे सर्व्हरला स्वतःला ठाऊक आहे, ते बाहेरून मागायचंच नाही. बाहेरून फक्त मूर्तीचा क्रमांक आणि संख्या घ्यायची. दर, सवलत, कर आणि एकूण रक्कम सर्व्हरने आपल्या डेटाबेसवरून काढायची. गिऱ्हाइकाचा क्रमांकही फॉर्ममधून नको, तो सेशनमधून घे.

पैसे भरून गिऱ्हाईक परत येतं तेव्हा तर जास्तच सावध राहा. पेमेंट गेटवे त्याला तुझ्या पानावर पाठवतो आणि पत्त्यात 'यशस्वी' असा शब्द असतो. तो शब्द गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमधून आलाय, म्हणजे तेही त्याचं म्हणणंच. गेटवेची सही पडताळ, किंवा सर्व्हरवरून थेट गेटवेला विचार: या ऑर्डरचे, एवढेच पैसे, खरोखर जमा झाले का? रक्कम जुळल्याशिवाय बुकिंग पक्कं करायचं नाही.

३. काय चालेल ते लिहून ठेव

वाईट मजकुराची यादी कधी पुरी होत नाही. चांगल्याची यादी मात्र करता येते. माती शाडू किंवा पीओपी, या दोनच गोष्टी असतील तर तिसरा शब्द आला की मागणी नाकार. मूर्ती कच्ची हवी की रंगवलेली, यालाही दोनच उत्तरं. उंची इंचात घेणार की फुटांत ते आधी ठरव आणि कमाल-किमान मर्यादा घाल.

संख्येबद्दल मुलं अक्षरं रोखतात आणि उणे चिन्ह विसरतात. एका मूर्तीची संख्या ३ आणि दुसरीची उणे २ पाठवली, तर एकूण रक्कम कमी होते. शून्य, दशांश आणि अवाच्या सवा मोठा आकडा, तिन्ही पाठवून बघ. यादीच्या पानावर 'एका वेळी किती ओळी' हा पॅरामीटर असतो. त्याला वरची मर्यादा नसेल तर कुणीतरी दहा लाख लिहील आणि ऐन गणपतीच्या हंगामात सर्व्हर बसेल.

तपासल्यावर मूळ मजकूर पुढे नेऊ नकोस. आकड्याचा आकडा कर, तारखेची तारीख कर आणि यापुढे तेच रूप वापर. तपासलं एक आणि वापरलं दुसरं, या फटीतून बरंच काही आत शिरतं.

४. मराठी अंकांची परीक्षा घे

परदेशी पुस्तकात हा धडा सापडायचा नाही. आपलं गिऱ्हाईक मराठी कीबोर्डवरून ४२ लिहितं. पायथनचं इंट फंक्शन ते मुकाट्याने बेचाळीस समजतं, जावाचं पार्सइंटही समजतं. जावास्क्रिप्ट म्हणते, हा आकडाच नव्हे. पीएचपीत नुसता इंट म्हणून बदल केलास तर उत्तर येतं शून्य, म्हणजे शून्य मूर्तींची ऑर्डर.

रेगेक्समध्येही तीच गंमत आहे. अंकांसाठीची खूण पायथन ३ मध्ये देवनागरी अंकही स्वीकारते, जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी. म्हणजे पायथनची तपासणी पास झालेला मजकूर तसाच दुसऱ्या भाषेतल्या सेवेकडे गेला, की तिथे गडबड. यावर उपाय असा: देवनागरी अंक आनंदाने घे, हद्दीवरच त्यांचे इंग्रजी अंक कर आणि मग तपास. मराठी माणसाला मराठी आकडा लिहिल्याबद्दल 'अवैध माहिती' म्हणणारी साइट आपण करू नये.

तसंच अधिक चिन्हाचं. पत्त्यातल्या पॅरामीटरमध्ये अधिक चिन्ह आलं की सर्व्हर त्याची मोकळी जागा करतो. मोबाइल नंबरच्या आधीचं अधिक ९१ त्यामुळे बिघडतं. 'आणि'साठी लिहिलेली इंग्रजी खूण दुकानाच्या नावात असेल, तर पॅरामीटर तिथेच तुटतो. पत्ता हाताने जोडू नकोस, भाषेने दिलेलं एन्कोडिंगचं फंक्शन वापर. आणि लांबीचा अंदाजही ठेव: 'पेण' या शब्दात तीन युनिकोड संकेत, यूटीएफ-८ मध्ये नऊ बाइट, आणि पत्त्यात एन्कोड झाल्यावर २७ चिन्हं होतात.

५. नाव-गावावर जादा कडक नियम नकोत

मान्य यादीचा नियम माती-उंचीला लागू होतो, माणसाच्या नावाला नाही. रेवदंडा-कोर्लईकडचं एखादं डिसोझा कुटुंब इंग्रजीत नाव लिहिताना मध्ये ॲपॉस्ट्रॉफी देतं. ती धोक्याची म्हणून काढून टाकलीस तर तू त्या माणसाचं नाव बदललंस. धोका त्या चिन्हात नाही, तुझ्या पुढच्या कोडमध्ये आहे. त्यावर पुढच्या मुद्द्यात बोलू.

जमिनीचा सर्व्हे नंबर '४२/१/अ' असा असू शकतो. तिथे फक्त आकडे मागून चालत नाही. गाडीचा नंबरही बघ. पेणच्या आरटीओत नोंदलेली रायगडची गाडी एमएच ०६ ने सुरू होते. पण २०२१ पासून भारत मालिका आली. तिच्यात आधी वर्षाचे दोन आकडे, मग बीएच, मग चार आकडे, मग अक्षरं. धाटावच्या गेटपासमध्ये 'आधी दोन अक्षरंच हवीत' असा नियम लिहिलास, तर बीएचची गाडी गेटवर अडकून पडेल. नियम लिहिण्याआधी गेटवरच्या वॉचमनची वही चाळ. कुठल्या कुठल्या तऱ्हेचे नंबर येतात ते तिच्यात सापडेल.

मराठी नावांना आणखी एक बारकावा आहे. गोऱ्हे, कुऱ्हाडे यांतला 'ऱ' एका संकेताने लिहिता येतो, किंवा साधा र आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी. पडद्यावर दोन्ही सारखे, पण शोधताना जुळत नाहीत. हद्दीवरच एनएफसी पद्धतीने मजकूर एकसारखा करून घे म्हणजे ही दोन रूपं एक होतात. साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडखूण देऊन लिहिलेलं तिसरं रूपही असतं. ते एनएफसीने जुळत नाही, शोधासाठी त्याचा वेगळा नियम लिहावा लागतो. लांबीची मर्यादा घालताना हेही ध्यानात ठेव, की 'श्री' हे डोळ्यांना एक अक्षर असलं तरी मोजणीत चार संकेत भरतात.

६. डेटाबेसला वाक्य वेगळं दे, माहिती वेगळी

आता ती ॲपॉस्ट्रॉफी. एसक्यूएलचं वाक्य तू तुकडे जोडून तयार केलंस, तर डिसोझांच्या नावातलं चिन्ह वाक्य मध्येच संपवतं आणि पुढचा मजकूर डेटाबेसला आज्ञा वाटतो. साध्या गिऱ्हाइकाला एरर दिसतो. खोडसाळ माणसाला त्याच जागी दार दिसतं. हेच एसक्यूएल इंजेक्शन. 'फ्रॅक' या हॅकरांच्या नियतकालिकात जेफ फॉरिस्टलने डिसेंबर १९९८ मध्ये याबद्दल लिहिलं होतं. तरी २०१५ मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक कंपनीची १,५६,९५९ ग्राहकांची माहिती याच वाटेने गेली आणि पुढच्या वर्षी तिथल्या माहिती आयुक्तांनी कंपनीला ४ लाख पौंडांचा दंड केला. ज्या पानांतून चोर शिरला, ती टॉकटॉकने विकत घेतलेल्या दुसऱ्या कंपनीकडून आलेली जुनी पानं होती. म्हणून कारखान्याची गेल्या गणपतीतली साइट सर्व्हरवर पडून असेल, तर ती आधी उतरव.

उपाय जुना आणि खात्रीचा आहे: प्रिपेअर्ड स्टेटमेंट. वाक्यात जागा राखून ठेवायच्या आणि माहिती वेगळी पाठवायची. मग डेटाबेस त्या माहितीकडे आज्ञा म्हणून बघतच नाही. ओआरएम वापरतेस म्हणून निर्धास्त राहू नकोस. त्यातही कच्चं एसक्यूएल लिहिता येतं, आणि घाईच्या दिवशी ते लिहिलं जातं.

एक जागा मात्र राखून ठेवता येत नाही: तक्त्याचं किंवा रकान्याचं नाव. 'किमतीनुसार लाव', 'उंचीनुसार लाव' असं गिऱ्हाईक सांगतं, तेव्हा त्याचा शब्द वाक्यात घालू नकोस. त्याच्या शब्दावरून तुझ्या कोडमधल्या यादीतलं नाव निवड. आणि साइट ज्या खात्याने डेटाबेसशी बोलते, त्या खात्याला तक्ते पुसण्याचा अधिकार देऊ नकोस. बुकिंग घ्यायला तो लागत नाही.

७. बंदोबस्त तिथला तिथेच

पूर्वी पीएचपीत 'मॅजिक कोट्स' नावाची सोय होती. आत येणाऱ्या प्रत्येक मजकुरातल्या अवतरणचिन्हांमागे ती आपोआप उलटी तिरकी रेघ लावायची. डेटाबेसची काळजी मिटली असं लोकांना वाटलं. प्रत्यक्षात गिऱ्हाइकांच्या बिलांवर आणि ईमेलमध्येही त्या रेघा उमटू लागल्या, आणि डेटाबेसही पुरता सुरक्षित झाला नाही. शेवटी २०१२ मध्ये पीएचपी ५.४ मधून ती काढून टाकली. त्यातून शिकायचं ते हे की दारातच सगळ्याची एकदा धुलाई करून भागत नाही. मजकूर कुठे जाणार आहे त्यावर बंदोबस्त ठरतो.

पानावर दाखवताना एचटीएमएलसाठी एस्केप कर. टेम्प्लेट बहुधा ते आपोआप करतं. 'कच्चं दाखव' हा पर्याय गिऱ्हाइकाच्या मजकुराला कधी लावू नकोस. सूचनेच्या रकान्यात 'सोंड उजवी हवी' ऐवजी कुणी स्क्रिप्ट लिहिली, तर ती कारखानदाराच्या ब्राउझरमध्ये त्याच्या अधिकाराने चालेल. मजकूर जावास्क्रिप्टच्या आत किंवा दुव्याच्या पत्त्यात घालायचा असेल तर तिथले एस्केपचे नियम वेगळे आहेत.

एक्सेल तर सगळे विसरतात. कारखानदार रोज ऑर्डरची यादी एक्सेलमध्ये उतरवून घेतो. एखाद्या रकान्याचा मजकूर 'बरोबर'च्या खुणेने सुरू झाला, तर एक्सेल त्याला सूत्र समजतं. अधिक, उणे आणि ॲटच्या खुणेचंही तेच. अशा मजकुराआधी एकेरी अवतरण लाव.

'अशी मूर्ती हवी' म्हणून गिऱ्हाईक फोटो पाठवतं, तेव्हा त्याने दिलेलं फाइलचं नाव वापरू नकोस. दोन टिंबं आणि तिरकी रेघ घातलेलं नाव फाइलला भलत्याच फोल्डरमध्ये नेऊ शकतं. नाव सर्व्हरने द्यावं, आकाराला मर्यादा असावी, आत खरोखर चित्र आहे का ते उघडून बघावं. एसव्हीजी घेऊच नकोस, त्यात स्क्रिप्ट बसते. फोटोऐवजी फोटोचा पत्ता दिला आणि तुझा सर्व्हर तो आणायला गेला, तर तो पत्ता तुझ्याच आतल्या यंत्रणेचा नाही ना, ते तपास.

८. लॉगिन झालं म्हणजे हक्क मिळाला असं नाही

गिऱ्हाइकाने लॉगिन केलं. त्याच्या पावतीच्या पत्त्यात ऑर्डर क्रमांक १०४७ आहे. त्याने तिथे १०४८ लिहिलं. आता दुसऱ्याचं नाव, पत्ता, मोबाइल दिसला, तर बाकीची सगळी मेहनत वाया गेली. ही चूक करायला बुद्धी लागत नाही आणि शोधायलाही लागत नाही. अमेरिकेतल्या फर्स्ट अमेरिकन या कंपनीची घरखरेदीची तब्बल ८८.५ कोटी कागदपत्रं अशीच उघडी असल्याचं २०१९ मध्ये बाहेर आलं; दुव्यातला क्रमांक बदलायचा, एवढंच होतं. २०२१ मध्ये चेन्नईजवळच्या एका शाळकरी मुलाला आयआरसीटीसीच्या साइटवर असाच दोष सापडला. दुसऱ्याच्या तिकिटाचा तपशील त्यातून दिसत होता. त्याने सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवलं आणि तो दुरुस्त झाला.

उपाय असा की ऑर्डर नुसत्या क्रमांकाने शोधायचीच नाही. 'क्रमांक १०४८ आणि मालक हा सेशनमधला माणूस' अशी एकच चौकशी कर. सापडली नाही तर 'अशी ऑर्डर नाही' एवढंच उत्तर दे. ती दुसऱ्याची आहे, हेही सांगू नकोस. ओळीने येणाऱ्या क्रमांकाऐवजी लांबलचक यादृच्छिक क्रमांक वापरलास तर चांगलंच, पण तो मालकीच्या तपासणीची जागा घेत नाही. लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली की कितीही लांब क्रमांक सगळ्यांच्या हातात जातो.

ओवॅस्प या संस्थेने २०२१ मध्ये वेब सुरक्षेच्या दहा मोठ्या धोक्यांची यादी काढली, तिच्यात पहिलं स्थान याच जातीच्या चुकांना आहे. इंजेक्शन तिसऱ्या क्रमांकावर. म्हणून तुझा कोड बघताना मी आधी मालकीची तपासणी शोधतो.

९. मागितलेलीच फील्ड घे

फ्रेमवर्क तुला एका ओळीत सगळी फील्ड तक्त्यात भरून देतं. सोय झकास आहे. पण 'प्रोफाइल बदला' या फॉर्ममध्ये नाव आणि पत्ता असताना कुणी 'भूमिका: व्यवस्थापक' हे फील्ड आपल्या मनाने जोडून पाठवलं तर? मार्च २०१२ मध्ये येगोर होमाकोव्ह या तरुणाने गिटहबवर हेच करून दाखवलं. आपली एसएसएच की नोंदवण्याच्या फॉर्ममध्ये एक जादा फील्ड घालून त्याने 'रूबी ऑन रेल्स'च्या प्रकल्पात शिरकाव मिळवला.

त्याही आधी पीएचपीत 'रजिस्टर ग्लोबल्स' होतं. पत्त्यात जे नाव लिहावं तो थेट प्रोग्रामचा व्हेरिएबल व्हायचा. २००२ च्या ४.२.० आवृत्तीपासून ते मुळातच बंद ठेवू लागले, पण तोवर बरंच पाणी वाहून गेलं होतं. प्रत्येक फॉर्मसाठी घ्यायच्या फील्डची यादी स्वतः लिही आणि बाकीची टाकून दे.

आणि एकच नाव दोनदा आलं तर? पीएचपी आणि जँगो शेवटचं घेतात, जावा आणि फ्लास्कमध्ये पहिलं मिळतं, एक्स्प्रेस दोन्हींची यादी करून देतं. तपासणी एका यंत्रणेने पहिल्यावर केली आणि वापर दुसरीने शेवटच्याचा केला, तर तपासणीला अर्थच उरत नाही. जिथे एकच हवं तिथे दोन आले की सरळ नकार दे.

१०. बघण्याच्या लिंकने काही बदलू नये

एचटीटीपीची गेट ही पद्धत बघण्यासाठी, पोस्ट बदलण्यासाठी. 'ऑर्डर रद्द करा' ही साधी लिंक ठेवू नकोस. माणसाने न दाबताही लिंक उघडली जाते. सर्च इंजिन उघडतं, ईमेल तपासणारं यंत्र उघडतं, व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र दाखवण्यासाठीही उघडली जाते. २००५ मध्ये गुगलचं वेब अ‍ॅक्सिलरेटर पानावरच्या लिंक आधीच उघडून ठेवत असे, तेव्हा 'डिलीट'च्या लिंकही उघडल्या गेल्या आणि लोकांची माहिती पुसली गेली.

पोस्टबरोबर सीएसआरएफ टोकन हवं, म्हणजे दुसऱ्या साइटवरचा फॉर्म तुझ्या गिऱ्हाइकाच्या नावाने मागणी पाठवू शकत नाही. प्रत्येक बुकिंग फॉर्मला एकदाच चालणारा क्रमांकही दे. आपल्याकडे नेटवर्क डळमळतं, माणूस बटण दोनदा दाबतो आणि एका गणपतीचे दोन होतात. तोच क्रमांक पुन्हा आला की नवीन ऑर्डर न करता जुनीच पावती दाखव.

लॉगिननंतर कुठे जायचं हे पत्त्यातल्या पॅरामीटरवरून ठरत असेल, तर तो तुझ्याच साइटचा आतला मार्ग आहे ना ते बघ. नाहीतर तुझ्या नावाची लिंक दाखवून कुणी गिऱ्हाइकाला नकली पानावर नेईल.

११. गुपित पत्त्यात नको, लॉगमध्येही नको

पत्ता ब्राउझरच्या इतिहासात राहतो, सर्व्हरच्या लॉगमध्ये राहतो आणि कधी कधी पुढच्या साइटलाही कळतो. पासवर्ड, ओटीपी, आधार क्रमांक तिथे कदापि नको. पासवर्ड बदलण्याची लिंक पाठवावीच लागते. ती थोडा वेळच आणि एकदाच चालेल अशी कर. पोस्टने आलेला मजकूरही जसाच्या तसा लॉगमध्ये ओतू नकोस.

चूक झाली तर गिऱ्हाइकाला मराठीत आणि कामाचं सांग: 'मूर्तींची संख्या १ ते ५० मध्ये लिहा.' एसक्यूएलचं वाक्य किंवा फाइलचा मार्ग त्याला दाखवायचा नाही. तो तुझ्या लॉगमध्ये ठेव. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यावर सहा तासांत कळवाव्या लागतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कारखानदाराला कोड समजत नसेल, पण हा आकडा समजतो. सुरक्षेच्या कामाचे वेगळे दिवस अंदाजपत्रकात मागताना तो सांग.

१२. हाताने मोडून बघ

साइट देण्याआधी प्रत्येक पॅरामीटर एकदा रिकामा पाठव, एकदा काढून टाक, एकदा दोनदा पाठव, एकदा उणे कर, एकदा मराठी अंकांत लिही, एकदा ॲपॉस्ट्रॉफी घाल. दोन वेगळ्या गिऱ्हाइकांची खाती उघड आणि एकाच्या खात्यातून दुसऱ्याची पावती मागून बघ. हेच सगळं चाचणीच्या कोडमध्ये लिहून ठेव, म्हणजे पुढच्या बदलानंतर आपोआप तपासलं जाईल.

हे फक्त स्वतःच्या किंवा लेखी परवानगी मिळालेल्या साइटवर करायचं. दुसऱ्याच्या साइटवर परवानगीशिवाय असं करणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ मध्ये बसू शकतं. वापरताना सहज एखादा दोष दिसलाच, तर तिथेच थांब, कुणाची माहिती उतरवून घेऊ नकोस. मालकाला कळव आणि त्याने दाद दिली नाही तर सर्ट-इनला कळव.